एकतीस खिळ्यांच्या चौदा चांदण्या

मामीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी एकमताने ठरवलं की आता तिने दोऱ्याचं काम सोडायचं. सगळ्यांनी म्हणजे मामाने. मी हजर होते, पण माझ्या दोन्ही हातांत डबे आणि काखेत औषधांची पिशवी होती, त्यामुळे हात वर करून मत देता आलं नाही. मामीला कुणी विचारलंच नाही. तिच्या डोळ्यावर पट्टी होती, आणि मामाच्या मते पट्टी बांधलेल्या माणसाने फक्त ऐकायचं असतं.

मामी दिव्यांसाठी चांदण्या करते. लोखंडी पट्टीची एक रिंग, साधारण परातीएवढी. तिच्या कडेने सारख्या अंतरावर पितळी खिळे. एका खिळ्याला दोरा बांधायचा आणि ठरलेली ढांग टाकत फिरायचं. सातची ढांग म्हणजे इथून सात खिळे पुढे, तिथून आणखी सात पुढे, असं. फिरता फिरता दोरा प्रत्येक खिळ्याला एकदा भेटून निघाल्या जागी परत आला की गाठ मारायची, झाली चांदणी. मधोमध एक गोल मोकळी जागा उरते, तिला मामी डोळा म्हणते. मागे बल्ब लावला की भिंतीवर सावल्यांचं असं जाळं पडतं की पाहुणे बोलता बोलता वाक्य विसरतात.

तिचा नियम एकच, एक दोरा आणि एक गाठ. मधे तोडायचं नाही, जोडायचं नाही. दोन गाठींची चांदणी तिने आजवर घराबाहेर पाठवलेली नाही.

रिंगा मामा करतो. तो चौतीस वर्षं कारखान्यात टर्नर होता आणि निवृत्त झाला तेव्हा कारखाना मागच्या खोलीत घेऊन आला. त्या खोलीत जाताना तो पाय पुसतो, बाहेर येताना पुसत नाही. ड्रिल मशीनखाली त्याची एक फिरती तबकडी आहे, तिच्यावर तीनशे साठ अंशांच्या खुणा. रिंग तबकडीवर आवळायची, भोक पाडायचं, बारा अंश फिरवायचं, भोक पाडायचं. तीस भोकं. नेहमी तीसच, कारण मामाच्या मते तीस हा सज्जन आकडा आहे. त्याला दोनने भागा, तीनने भागा, पाचने, सहाने, दहाने, पंधराने, तो तक्रार करत नाही. सात हा आकडा मात्र मामाला बघवत नाही. माझा जन्म सात तारखेचा आहे, पण त्यात माझा दोष नाही हे त्याने मोठ्या मनाने मान्य केलंय.

पट्टी सुटल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही तिघं दाखवायला गेलो. डॉक्टरबाईंनी मामीच्या डोळ्यात बराच वेळ बॅटरी मारली.

"छान आहे. वापरा आता."

"किती वापरायचा?" मामाने विचारलं.

"दुसरा वापरतात तितकाच."

मामाला हे उत्तर आवडलं नाही. त्याला मिलिमीटरमध्ये काहीतरी हवं होतं.

मग डॉक्टरबाई दिव्यांवर आल्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत मामीची एक चांदणी होतीच. दवाखान्याला आता नवा बोळ काढला होता, बसायच्या जागेपासून तपासणीच्या खोलीपर्यंत लांबलचक, आणि त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. बोळात ओळीने दिवे. पहिल्या दिव्याचा डोळा टक्क उघडा, दुसऱ्याचा थोडा लहान, तिसऱ्याचा आणखी लहान, असं करत शेवटच्याचा अगदी टाचणीएवढा. उजेडात डोळ्यातली बाहुली लहान होते, तसं. रिंगा सगळ्या एकाच मापाच्या आणि एकीसारखी दुसरी नको.

"किती दिवे?" मामीने विचारलं.

"छताला चौदा हूक बसवून झालेत."

मामीने बोटांवर काहीतरी मोजलं. तीसच्या निम्मे पंधरा, म्हणजे ढांगा एक ते पंधरा. त्याच्यापुढच्या उलट्या अंगाने त्याच, तेवीस पुढे जाणं म्हणजे सात मागे येणं. एकची ढांग टाकली तर दोरा नुसता कडेकडेने फिरतो, ती काही चांदणी नव्हे. पंधरातून एक गेली. "चौदाच होतात," ती म्हणाली, जणू पिशवीतच आहेत, फक्त काढून द्यायच्यात. "एका दोऱ्यात, एका गाठीत. देते."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मामीने जन्मात फक्त तीन ढांगा टाकल्या होत्या, सात, अकरा आणि तेरा. जिच्याकडे ती हे काम शिकली त्या बाईंनी या तीनच शिकवल्या. बाकीच्यांचं काय, असं मामीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बाकीच्यांची गरज नाही." मामीला वाटलं, बाई आळशी आहेत.

बसस्टॉपवर मामाने तोंड उघडलं.

"हे शेवटचं."

"का? डोळा वापरा म्हणाल्या ना त्या."

"त्यांना काय जातंय म्हणायला. डोळा तुझा आहे."

"अहो, माझा आहे म्हणूनच म्हणते."

बस येईपर्यंत करार झाला. चौदाच्या चौदा चांदण्या, एका दोऱ्यात एका गाठीत, वेळेवर लागल्या तर खिडकीजवळचं टेबल मामीचं, आणि हा विषय मरेपर्यंत बंद. नाही लागल्या तर टेबल मागच्या खोलीत जाणार, मामाला लोखंड आवळून धरायचा व्हाइस बसवायला जागा नाही. व्हाइससाठी त्याच्याकडे तीन जागा आहेत. पण डोळ्याला काही झालं तर, हे त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो व्हाइसबद्दल बोलत होता. साक्षीदार मी. बोळ तीन आठवड्यांनी उघडणार होता.

सोमवारी सकाळी मामी टेबलाशी बसली. मामाने चौदा रिंगा तयार ठेवल्या होत्या, तीस तीस खिळ्यांच्या. तिने दोनची ढांग घेतली. दोरा एक सोडून एक खिळा घेत फिरला आणि पंधरा खिळ्यांत घरी आला. मधले पंधरा कोरडेच.

"मोजायला चुकले," म्हणत तिने सोडवलं आणि पुन्हा घातलं. पुन्हा पंधरा.

तीनची टाकली तर दोरा दहा खिळ्यांत परत. चारची, पुन्हा पंधरा. पाचची, सहा खिळ्यांत. सहाच्या ढांगेचा सरळ पंचकोन झाला आणि दहाच्या ढांगेचा त्रिकोण.

"डॉक्टरबाईंनी चांदण्या मागितल्यात," मी म्हटलं, "आणि आपण त्यांना कंपासपेटी पाठवतोय."

"तू गप्प बस."

बाराच्या ढांगेची चांदणी झाली, पाच टोकांची, दिसायलाही बरी, पण पाच खिळ्यांवर. पंचवीस खिळे नुसते प्रेक्षक. पंधराची सगळ्यांत लवकर संपली. दोरा समोरच्या खिळ्यावर गेला, परत आला, झालं. रिंगेच्या मधोमध एक उभी रेघ.

"ही मांजराच्या डोळ्याची," मी म्हटलं. "कधी मांजरांचा दवाखाना काढला तर—"

मामी हसली नाही, तेव्हा मला कळलं की परिस्थिती गंभीर आहे. संध्याकाळपर्यंत टेबलावर पूर्ण झालेल्या तीन रिंगा होत्या. सात, अकरा, तेरा. तिने त्या तिन्हींकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई आळशी नव्हत्या गं."

"दोन दोऱ्यांत केल्या तर? म्हणजे उरलेल्या खिळ्यांवर दुसरा दोरा."

मी तिला रस्त्यात झोपायला सांगितल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "दोन दोरे दोनदा ताणले जातात. दोन्ही वेळी हात सारखा नसतो. वर्षभरात एक ढिला पडणार. मग डोळ्याच्या दवाखान्यात लोंबणारा डोळा. शोभेल?"

मामा दारात येऊन उभा होता. त्याला जिंकल्यासारखं वाटायला हरकत नव्हती. पण तो नुसता रिंगा बघत राहिला आणि म्हणाला, "जाऊ दे. तीन तर होतात ना." हे त्याने इतक्या प्रेमाने म्हटलं की मामी उठून आत गेली.

मंगळवारी सकाळी ती आंघोळ करून, खडू घेऊन बसली. टेबलाच्या लाकडावरच तिने एक ते पंधरा आकडे लिहिले.

"ए गणितवाले, इकडे ये."

मला गणितातली पदवी आहे. ती वर्षभर नळीत गुंडाळून ठेवल्यामुळे आता उघडली तरी सपाट होत नाही. मी खुर्ची ओढली.

"हे बघ," मामी म्हणाली. "चारची ढांग. चारमध्ये दोन बसतो, तीसमध्येही बसतो. दोघांचा भागीदार दोन. दोरा निम्म्यात घरी. नऊची ढांग. भागीदार तीन. दोरा एक तृतीयांशात घरी. सहाची, भागीदार सहा." ती एकेक आकडा खोडत गेली. "जिथे ढांगेत आणि रिंगेत भागीदारी आहे तिथे दोऱ्याला घराची आठवण लवकर येते. आणि उरले कोण? एक, सात, अकरा, तेरा. एक सोडला तर तीन. बरोबर आहे की चूक, तेवढं सांग."

मी खोडलेल्या आकड्यांकडे पाहत राहिले. कॉलेजात सरांनी हे फळ्यावर लिहिलं होतं. एखाद्या संख्येशी सहमूळ असलेल्या, तिच्याहून लहान संख्या किती ते मोजायचं, त्याचं निम्मं करायचं, एक वजा करायचा. तितके तारे. त्या मोजणीला पुस्तकात एक ग्रीक अक्षरही आहे, दिसायला पोटात काठी खुपसलेल्या भोपळ्यासारखं. त्या प्रश्नाला मला पाचपैकी पाच गुण मिळाले होते आणि त्यानंतर आमची भेट झाली नव्हती. आणि इथे सातवीनंतर शाळा सोडलेली, तीन आठवड्यांपूर्वी डोळा कापलेली बाई खडूने तेच लिहून मला विचारत होती, बरोबर की चूक. सोमवारी मीही त्याच टेबलाशी होते, तिच्याइतकंच बघत होते, आणि माझं योगदान मांजर हे होतं.

"बरोबर आहे मामी," मी म्हटलं.

मामा चहा घेऊन आला. टेबलावरचे आकडे त्याने उलट्या बाजूने वाचले. "मग साठ पाडून देतो," तो म्हणाला. "दुप्पट भोकं, दुप्पट चांदण्या. साठ तर काय, राजा आकडा."

मी मोजलं. साठशी भागीदारी नसलेले तीसच्या आतले आकडे आठ. एक गेला, सात.

"तिनाच्या सात झाल्या की! दुप्पट आणि वर एक."

"मामा, चौदा हव्यात."

"मग नव्वद."

"अहो थांबा," मामी म्हणाली. "तुमच्या आकड्यांचं हेच आहे. ज्याला त्याला दारं उघडी. कुणीही या, भाग लावा. मला असा आकडा हवाय जो कुणालाच आत घेत नाही." ती माझ्याकडे वळली. "तीसच्या आसपास असा माणूसघाणा आहे का कोण?"

"दोन आहेत. तीसच्या दोन्ही बाजूंना. एकोणतीस आणि एकतीस."

"एकोणतीसच्या किती होतील?"

"सगळ्या ढांगा चालतील. दोन ते चौदा. म्हणजे तेरा."

"एक कमी. आणि एकतीस?"

"दोन ते पंधरा." मी एकदा बोटांवर मोजलं, कारण मला स्वतःवर विश्वास नव्हता. "चौदा."

मामीने टेबलावर एकतीस लिहिला आणि भोवती गोल काढला. मामाने मोबाइल काढून तीनशे साठला एकतीसने भागलं. पडद्यावर अकरा आले आणि मागे आकड्यांची अशी रांग लागली की शेवटचा कुठे उभा आहे ते दिसेना.

"हा कोन आहे की कुणाचा फोन नंबर?" मामा म्हणाला. "अकरा अंश, आणि वर काय? चिमूटभर? तबकडीवर ही खूणच नाही. एकतीस कुणी पाडतं का? चौतीस वर्षांत मला एकतीस कुणी मागितले नाहीत."

"मी मागतेय."

तो चहा न घेताच मागच्या खोलीत गेला. मला वाटलं, संपलं. त्याने नाही म्हटलं असतं, किंवा नुसता वेळ काढला असता, तरी टेबल त्याचं होतं, आणि डोळा त्याच्या मते सुरक्षित. पण दुपारी तो एक नवी रिंग घेऊन आला. तबकडीच्या हँडलवर अंशाचा दहावा भाग दिसतो. त्या हिशेबाने त्याने अकरा अंश आणि सहा दशांश धरून एकतीस भोकं पाडली होती, खिळे ठोकले होते आणि कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या.

"घे. तुझा माणूसघाणा."

मामीने रिंग खिडकीकडे धरली. डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्याने, त्याच कापलेल्या डोळ्याने, रिंग हळूहळू फिरवत पाहू लागली. अर्ध्याहून जास्त फिरवली आणि थांबली.

"इथे. हे दोन खिळे एकमेकांशी बोलत नाहीयेत."

"काहीतरीच."

"लांब बसलेत. भांडल्यासारखे."

मी पाहिलं. मला एकतीस खिळे दिसले, सगळे एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदत असलेले. मामाने चष्मा लावला, पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग व्हर्नियर आणला आणि एकेक अंतर मोजायला घेतलं. बाकी सगळीकडे चाळीस मिलिमीटर आणि चार दशांश. मामीने बोट ठेवलं होतं तिथे एक्केचाळीस आणि आठ. प्रत्येक भोकामागे राहिलेला चिमूटभर कोन साठत साठत शेवटच्या फटीत जाऊन बसला होता. पुरा दीड मिलिमीटरसुद्धा नाही.

मामा व्हर्नियर हातात धरून उभा राहिला.

"हे तुला दिसलं?"

"तुम्हाला नाही दिसलं?"

"उजव्याने?"

"मग काय कानाने?"

त्याने व्हर्नियर पेटीत ठेवला. पेटीचं झाकण लावायला त्याला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. मग तो म्हणाला, "हे चालणार नाही. लहान डोळ्यात हे दिसेल. पंधराच्या ढांगेत तर मधला गोल वाकडाच होईल." आणि निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघून मला कळेना की तो हरलाय की पेटलाय. पाच मिनिटांनी ठोकाठोकीचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं तर मामाने बाथरूमचं दार बिजागऱ्यांतून काढलं होतं आणि दोन स्टुलांवर आडवं घातलं होतं.

"मामा, बाथरूमला दार लागतं."

"मलापण लागतं. टोक धर."

घरात तेवढी मोठी सपाट गोष्ट दुसरी नव्हती. त्याने दारावर पोलादी पट्टी आणि गुण्या लावून आडव्या रेघा मारल्या, एकमेकींपासून बरोबर चार सेंटिमीटरवर, बत्तीस रेघा. म्हणजे मधे एकतीस पट्टे, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत एकशे चोवीस सेंटिमीटर. मग रिंगेभोवती खाकी कागदाची अरुंद पट्टी गुंडाळली आणि टोकाला टोक भिडेल अशी कापली. सुटी करून मोजली. सव्वाशे सेंटिमीटरच्या किंचित वर.

"जास्त आहे," मी म्हटलं.

"आहे ना. म्हणून सरळ ठेवायची नाही." त्याने पट्टीचं एक टोक पहिल्या रेघेवर टेकवलं आणि दुसरं टोक बाजूला सरकवत नेलं. पट्टी तिरकी होत गेली, होत गेली, आणि शेवटच्या रेघेवर बरोबर टेकली. "आता जिथे जिथे रेघ पट्टीला कापते तिथे टिंब. भागाकार नाही, मागची रांग नाही. चार, आठ, बारा, सोळा. सगळे सज्जन आकडे. आकडा वाकत नाही ना, मग पट्टी वाकडी ठेवायची."

समांतर रेषा आणि छेदिका. हे तर पदवीतही नव्हतं, त्याच्या कितीतरी आधी शाळेत होतं, आणि मला पुन्हा पूर्ण गुण होते. सकाळी मामी, दुपारी मामा. त्या दिवशी मी ठरवलं की पदवीची नळी कपाटातून काढून एखाद्या गरजू माणसाला द्यायची, निदान पोस्टर ठेवायला.

टिंबं मारलेली पट्टी त्याने परत रिंगेभोवती चिकटवली. शेवटचं टिंब पहिल्यावर येऊन बसलं तेव्हा त्याने नुसतं "हं" म्हटलं. कारखान्यात याला टाळ्या म्हणत असावेत. भोकं पाडून, खिळे ठोकून रिंग मामीपुढे धरली. तिने डावा डोळा झाकून ती दोनदा फिरवली.

"आता बोलतायत," ती म्हणाली.

चौदा रिंगा व्हायला चार दिवस लागले. चार दिवस बाथरूमला चादर होती, आणि आत गेलेल्याने सतत गाणं म्हणत राहायचं असा नियम झाला. मामाला एकच गाणं येतं, तेही अर्धं. शेजारच्या काकूंनी विचारलं की कुणी गाणं शिकतंय का. मी म्हटलं, नाही, एकतीस करतोय. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मग मामीची पाळी. उजेड चांगला असेल तेवढाच वेळ ती बसायची, हेही मामाशी ठरलेलं. दोनच्या ढांगेचा दोरा रिंगेभोवती दोन फेऱ्या मारून घरी आला, वाटेत एकतीसच्या एकतीस खिळे घेऊन. तीनचा तीन फेऱ्यांत. चारचा चार. सहाची ढांग, जिने तीसवर पंचकोन काढून आमची लाज काढली होती, ती आता सहा फेऱ्या मारून शहाण्यासारखी परत आली. दहाची आली. बाराची आली. प्रत्येक वेळी मला वाटायचं की ही मधेच घरी पळणार, आणि प्रत्येक वेळी दोरा रिकामा खिळा शोधून त्याच्यावर जाऊन बसायचा. हे असंच होणार हे मला कागदावर सिद्ध करता येत होतं. तरीही मी दर वेळी खुर्चीच्या कडेला येत होते. मामी सिद्धताबिद्धता काही न म्हणता नुसती ढांगा मोजत होती. तिच्या बोटांना बहुधा ती आधीच माहीत होती.

भिंतीला टेकवून ठेवलेल्या रिंगांचे डोळे एकेक करून लहान होत चालले. पहिल्याच्या डोळ्यात माझं अख्खं डोकं मावत होतं, हे मी करून पाहिलं आहे. तेरावीत मूठ जेमतेम.

शेवटची, पंधराची, तिने बुधवारी सकाळी घेतली. बोळ शुक्रवारी उघडणार होता. या ढांगेत दोरा जवळजवळ समोरच जातो, दर वेळी मध्याच्या अगदी काठावरून. एकतीस दोरे तिथे एकमेकांना ओलांडणार आणि एकही कमीजास्त ताणला गेला तर दोन सेंटिमीटरचा तो डोळा तिरळा होणार. साडेबारा मीटर दोरा, मधे थांबायचं नाही, सोडवायचं नाही. मामा दारात उभा होता. त्याने हाताची घडी घातली होती, पण ओठ हलत होते. तो मोजत होता.

विसाव्या खिळ्यापाशी मामी थांबली. डोळ्यातून पाणी आलं होतं, उजव्याच. तिने दोरा तसाच ताणून धरला. मामा एक पाऊल पुढे आला. त्या क्षणी तो "पुरे" म्हणाला असता तर मी त्याला दोष दिला नसता. त्याने खिशातून रुमाल काढला, तिच्या डोळ्याच्या कडेला अलगद टिपला, आणि म्हणाला, "वीस झाले. पुढचा सुरुवातीपासून पाचवा."

"माहितीये मला," मामी म्हणाली.

"हो, मी आपलं म्हटलं."

आणि मग ते दोघं मिळून मोजू लागले, ती बोटांनी आणि तो ओठांनी. शेवटचा रिकामा खिळा उरला तो बरोबर वाटेत उरला. दोरा त्याच्यावर गेला, वळला, आणि पंधरा खिळे ओलांडून निघाल्या जागी आला. मामीने गाठ मारली. एक.

डोळा गोल होता. त्यातून करंगळी जात होती. अंगठा जात नव्हता.

शुक्रवारी डॉक्टरबाई बोळाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेल्या. चौदाव्या दिव्याखाली पोचेपर्यंत त्यांनी स्वतःचेच डोळे इतके बारीक केले होते की त्यांच्या कंपाउंडरने विचारलं, मॅडम, डोळ्यात काही गेलं का? मामा त्यांना समजावून सांगत होता, "एकतीस आहेत. एकतीसला कशानेच भाग जात नाही, बाई. कशानेच नाही." मुलगा परदेशी गेल्याचं सांगणाऱ्या बापाचा आवाज असतो तसा त्याचा आवाज होता. मामी दोन पावलं मागे उभी राहून वर बघत होती. तिच्या तोंडावर सावल्या पडल्या होत्या, त्यामुळे ती हसतेय की नाही ते मला नीट दिसलं नाही. तिला विचारलं असतं तर तिने "तुला दिसत नाही?" म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मामा खिडकीजवळच्या टेबलाखाली पाठीवर झोपलेला. आत स्क्रू पिळत होता. टेबलाच्या चारही पायांखाली त्याने लाकडाचे ठोकळे बसवले होते. टेबल चार बोटं वर आलं होतं, म्हणजे मामीला रिंगेवर वाकावं लागणार नाही. व्हाइसचा विषय कुणी काढला नाही. व्हाइस मागच्या खोलीत होता, तीन जागांपैकी एका जागी.

मामी चहाचा कप घेऊन आली. टेबलाकडे पाहिलं. खालून बाहेर निघालेल्या मामाच्या दोन पायांकडे पाहिलं. कप ठेवला, आणि चहाच्या पातळीकडे एक नजर टाकून म्हणाली, "टेबलाचा मागचा डावा पाय आखूड आहे."

"नाहीये," टेबलाखालून आवाज आला.

"आहे."

"अगं चारही ठोकळे एकदम कापलेत मी."

"बरं."

आत स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हात बाहेर आला. "गणितवाले, व्हर्नियर दे."

मी दिला. आत खुडबुड झाली.

"अर्धा मिलिमीटर," तो म्हणाला. "तोसुद्धा जेमतेम."

"मग आखूडच की," मामी म्हणाली, आणि रिंग पुढ्यात ओढून तिने पहिल्या खिळ्याला दोरा बांधला.